भिंतीकडचा हात: कोथरूडमधील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास आणि नवभौतिकवाद

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरात असलेल्या काही कुटुंबांच्या अनुभवांतून ते अभ्यासासाठी बांधले आहे, त्यामुळे त्यातील माणसांना नावे न देता नात्यानेच ओळखले आहे. कुटुंबोपचारात (फॅमिली थेरपीत) अलीकडे ज्या विचारप्रवाहाची चर्चा वाढली आहे, त्या नवभौतिकवादाचा, म्हणजे जे घडते ते माणसांइतकेच वस्तू आणि जागाही घडवतात असे मानणाऱ्या विचाराचा, प्रत्यक्ष बैठकीत काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर त्याची किंमत कोण देते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मला सोयीचे वाटते.

पुण्याच्या कोथरूडमधील 1990 च्या दशकातली सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. घरात चार माणसे: अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा त्यांचा मुलगा, कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात हिशेब पाहणारी सून आणि बारावीतली नात. आजी काही वर्षांपूर्वी गेल्या. आजोबांची मुलगी, म्हणजे नातीची आत्या, नाशिकला असते आणि दर महिन्याला खर्चाचा काही भाग पाठवते. आजोबांना मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. त्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ गेले. समोरच्याचे बरेचसे बोलणे त्यांना कळते, मात्र स्वतःचे शब्द तोंडातून बाहेर येत नाहीत. रुग्णालयातून घरी आणल्यावर हॉलमध्ये, जिथे पूर्वी त्यांचा दिवाण होता तिथे, भाड्याचा फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडून आणि पायाकडून वर-खाली करता येणारा रुग्णालयासारखा पलंग, आणि त्यावर एअर बेड, म्हणजे हवेची गादी आली. ब्यूरोचे मामा, म्हणजे रुग्णसेवेसाठी पगारी ठेवलेले सेवक, सकाळी आठ ते रात्री आठ येतात. त्यानंतर घरचीच माणसे.

कुटुंब माझ्याकडे आले ते आजोबांसाठी नव्हे, नातीसाठी. ती कॉलेज आणि क्लास संपल्यावर नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसे आणि रात्री अकराच्या आधी घरी येत नसे. आईशी तिची रोज वादावादी होई आणि आजोबांच्या पलंगापाशी तर ती फिरकतही नसे. आईचे म्हणणे असे, की तिला आजोबांच्या दुखण्याची किळस वाटते. वडिलांच्या मते ते लाडाचे फळ होते. मुलीने मात्र पहिल्याच बैठकीत एक निराळे वाक्य उच्चारले: "आजोबा माझ्यावर चिडलेत. मी टेबलाशी बसले, की लगेच भिंत वाजवायला लागतात." त्यावर आई म्हणाली, "ते सगळ्यांनाच वाजवतात गं." विषय तिथे संपला.

सिस्टिमिक पद्धतीने, म्हणजे एकट्या माणसाऐवजी अख्ख्या कुटुंबाकडे एक व्यवस्था म्हणून पाहायला, शिकलेल्या कोणालाही इथे एक गृहीतक लगेच दिसेल. इटलीतल्या मिलानच्या कुटुंबोपचारकांच्या गटाने, म्हणजे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, 1980 च्या लेखात गृहीतक, वर्तुळाकार प्रश्न (एकाला इतरांच्या वागण्याविषयी आणि नात्यांविषयी विचारलेले) आणि तटस्थता ही थेरपिस्टची तीन मुख्य साधने मानली होती. त्या वळणाने जाणारे माझे पहिले गृहीतक असे होते, की आजोबांच्या सेवेवरून पतिपत्नींमध्ये जो ताण आहे तो उघड बोलता येत नाही, मुलीच्या उशिरा येण्याची काळजी मात्र दोघांनाही एकत्र करता येते, म्हणून मुलीचे घराबाहेर राहणे एका अर्थाने आईवडिलांचे भांडण पुढे ढकलत राहते. हे गृहीतक चुकीचे नव्हते. आजोबांच्या पलंगापाशी सर्वांत आधी कोण उठते, उठणाऱ्याकडे कोण पाहते आणि न उठणारा त्या वेळी काय करतो, अशा प्रश्नांना मिळालेली उत्तरे त्याला पुष्टीच देत होती. पण "भिंत" हा शब्द माझ्या टिपणात एकदा येऊन तसाच पडून राहिला होता. मी काढलेल्या जेनोग्राममध्ये, म्हणजे कुटुंबातली माणसे आणि त्यांची नाती चिन्हांनी दाखवणाऱ्या आराखड्यात, त्याला जागाच नव्हती.

जेनोग्राम हे कुटुंबोपचारातले रोजचे साधन आहे. मरे बोवेन या कुटुंबोपचारकाच्या कामातून ते वाढले आणि मोनिका मॅकगोल्ड्रिक व रँडी गर्सन यांच्या 1985 च्या पुस्तकानंतर त्याची चिन्हे बरीचशी एकसारखी झाली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहाची आडवी रेघ, संघर्षाची नागमोडी रेघ. आमच्या जेनोग्रामवर आजोबा आणि नात यांच्यामध्ये अशीच एक नागमोडी रेघ होती, आणि ती पाहणाऱ्याला वाटावे की या दोन माणसांमध्ये आधीपासूनच काहीतरी बिनसलेले आहे आणि घरात दिसते ते त्याचे लक्षण आहे.

आजोबांना माझ्या खोलीवर आणणे शक्य नसल्यामुळे पुढच्या बैठका त्यांच्या घरी घ्यायच्या ठरल्या. सोफा विकलेला होता. हॉलमध्ये प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या आणि मला बसायला जागा मिळाली ती पलंगाच्या पायथ्याशी, जिथे एअर बेडचा पंप लोखंडी कठड्याला अडकवलेला होता. हा पंप दिवसरात्र चालतो. गादीतले हवेचे कप्पे आलटूनपालटून भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे शरीराच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही आणि पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. तरीही दर दोन तासांनी कूस बदलावी लागतेच. मी जिथे बसले होते तिथून पलंगाची मांडणी स्पष्ट दिसत होती. आजोबांची चांगली बाजू, म्हणजे डावी, भिंतीला लागून होती, आणि हॉलकडे होती ती लुळी पडलेली उजवी. त्यांचा जो एकमेव हात चालत होता, त्याच्या टप्प्यात फक्त भिंत होती. त्या भिंतीच्या पलीकडे नातीचे अभ्यासाचे टेबल होते. भिंत आतल्या खोल्यांची असते तशी अर्ध्या विटेची, टिचकी मारली तरी पलीकडे ऐकू जाईल अशी.

पलंग असा का ठेवला, हे विचारल्यावर आधी कोणालाच सांगता येईना. मग आईला आठवले की पलंग पोहोचवायला आलेल्या माणसांनी पंप कठड्याला अडकवला, त्याची वायर आखूड होती आणि त्या बाजूचा प्लग पॉइंट मुख्य दाराजवळ होता, म्हणून पायाची बाजू दाराकडे आली. बस, एवढेच. संध्याकाळी आठला मामा गेले की वडील सेकंड शिफ्टला असत, आई स्वयंपाकघरात असे, तिथे कुकर, मिक्सर आणि वरचा पंखा यांच्या आवाजात हॉलमधले काही ऐकू येत नसे. भिंतीवरचा हात स्वच्छ ऐकू जाई तो फक्त मुलीला. ती खुर्ची ओढून बसली की फरशीवर पाय घासल्याचा आवाज होई, आजोबांना पलीकडे कोणी आल्याचे कळे आणि ते वाजवू लागत. डायपर बदलणे मुलीने करायचे नाही, हे घरात न बोलता ठरलेले होते, म्हणून ती आईला हाक मारी. हातातले काम टाकून आलेल्या आईला त्या हाकेत तक्रार ऐकू येई. अशी ती मुलगी रोज रात्री आठ ते बारा या घराची घंटा झाली होती, आणि घंटा होण्यापेक्षा तिने नारायण पेठ गाठली.

इथवरची गोष्ट एखाद्या अनुभवी नर्सला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला कोणत्याही तत्त्वज्ञानाशिवाय दिसली असती, हे आधी मान्य केले पाहिजे. घरातल्या वस्तू महत्त्वाच्या असतात हे सांगण्यासाठी क्वांटम भौतिकीतून आलेल्या लेखकाचे जाडजूड पुस्तक वाचण्याची गरज नाही. मग नवभौतिकवादाने वेगळे काय दिले?

सिस्टिमिक विचाराच्या मुळाशी वस्तू होत्याच. मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाचे उदाहरण देऊन विचारले होते, की त्याचे स्वत्व कुठे संपते: काठीच्या मुठीशी, तिच्या टोकाशी, की मध्ये कुठे? लाकूडतोड्या, कुऱ्हाड आणि झाड मिळून एक विचार करणारी व्यवस्था होते, असेही ते म्हणत. पुढे मात्र आमचे शास्त्र भाषेकडे झुकले. 1988 मध्ये हार्लीन अँडरसन आणि हॅरी गूलिशियन यांनी मानवी व्यवस्था या मुळात भाषिक व्यवस्था आहेत अशी मांडणी केली, त्यानंतर माणूस स्वतःविषयी सांगतो त्या कथेवर काम करणारी मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनात्मक पद्धत रुजली, आणि थेरपीच्या खोलीत अर्थ, कथा, संवाद यांनाच पहिला मान मिळू लागला. त्याने पुष्कळ चांगले झाले. "बिघडलेली मुलगी" हे लेबल बाजूला ठेवायला आम्ही त्याच वाटेने शिकलो. पण त्या वाटेवर काठी आणि कुऱ्हाड मागे पडली.

कॅरन बराड यांचे 2007 चे पुस्तक, वर जाडजूड म्हटले ते, याच ठिकाणी कामी येते. बराड मूळचे सैद्धांतिक भौतिकीचे अभ्यासक असून भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या एका आग्रहापासून ते सुरुवात करतात. एका उपकरणरचनेत प्रकाश तरंगासारखा वागतो आणि दुसऱ्या रचनेत कणासारखा. यातला खरा प्रकाश कोणता हा प्रश्नच फसवा आहे, कारण मोजण्याची रचना आणि मोजले जाणारे यांना वेगळे काढता येत नाही. बराड हा मुद्दा प्रयोगशाळेबाहेर नेतात. दोन गोष्टी आधी स्वतंत्र असतात आणि नंतर एकमेकींवर परिणाम करतात असे नसून, एकमेकींत गुंतण्याच्या क्रियेतूनच त्या "दोन" म्हणून घडतात. या गुंतण्याला त्यांनी इंट्रा-अ‍ॅक्शन म्हटले आहे, आणि त्यातून "हे इथे संपते, ते तिथून सुरू होते" अशी जी सीमा पडते तिला एजन्शियल कट, म्हणजे एक प्रकारचा छेद. त्यांचे गद्य वाचणाऱ्याचा अंत पाहते. एका परिच्छेदात सांगता येईल ते दहा पानांत सांगण्याची हौस या साऱ्याच प्रवाहाला आहे. तरी हा एक मुद्दा मला टाकता येत नाही.

तो या घराला लावून पाहू. आजोबांचा राग आधीच कुठेतरी होता आणि भिंतीतून तो फक्त पोहोचत होता, असे मानले तर थेरपिस्टचे काम त्या रागाचा अर्थ शोधणे हे ठरते, आणि मग आम्ही आजी जाण्यापासून नातीच्या शाखा निवडण्यापर्यंत कितीही खणत बसलो असतो. उलट डाव्या बाजूचा झटका, आखूड वायर, प्लगची जागा, अर्ध्या विटेची भिंत, खुर्चीचे पाय, कुकरची शिट्टी, सेकंड शिफ्ट आणि अमुक काम नातीने करायचे नाही ही लाज, या सगळ्यांच्या गुंत्यातून "चिडके आजोबा" आणि "निष्ठुर नात" ही दोन्ही माणसे रोज रात्री नव्याने घडत होती असे मानले, तर प्रश्न बदलतो. ठोका म्हणजे राग, हाक, की नुसता "आहेस का?" हे आजोबा सांगू शकत नव्हते आणि आपल्याला ते त्यांच्या मनातून काढून आणता येण्यासारखेही नव्हते. मुलीने एकदा उलट वाजवून पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी दुप्पट वाजवायला सुरुवात केली आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

माझा जेनोग्रामही या गुंत्याच्या बाहेर नव्हता. ज्या कागदावर रेघा फक्त माणसांमध्येच ओढता येतात, त्या कागदावर भिंतीवरचा ठोका हा दोन माणसांमधला संघर्ष म्हणूनच उमटतो. म्हणून पुढच्या बैठकीत जेनोग्राम बाजूला ठेवून मी प्रत्येकाला घराचा नकाशा काढायला सांगितले: पलंग, प्लग, दारे, आवाज कुठून कुठे जातो, रात्री आठनंतर कोण कुठे उभे असते. वडिलांनी विकून टाकलेला सोफा अजून हॉलमध्येच दाखवला, त्यावरून पाच मिनिटे हसणेही झाले. मुलीचा नकाशा सर्वांत बारकाईचा होता. आईने स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची गॅलरी आणि पलंग यांच्यामध्ये इतक्या फेऱ्या काढल्या की कागदावर बाकी काही वाचता येईना. गुरुवार त्याच नकाशावरून बोलण्यात आला. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणीपुरवठा बंद राहतो तो बहुधा गुरुवारी, आणि त्या दिवशी घाण झालेल्या चादरी धुता येत नाहीत, त्या बादलीत पडून राहतात, रात्री वास सुटतो आणि भांडण हमखास होते. "गुरुवारी आई वेगळीच असते," असे मुलगी आधी म्हणाली होती. तेव्हा ते आईच्या स्वभावाविषयीचे वाक्य म्हणून मी लिहून घेतले होते.

पलंग फिरवावा का, हा प्रश्न साहजिकच आला, पण तो ठरवणे माझ्या एकटीच्या अखत्यारीत नव्हते. फिजिओथेरपीत असाही एक विचार आहे की खोलीतली हालचाल रुग्णाच्या दुबळ्या बाजूकडून व्हावी, म्हणजे त्या बाजूकडे त्याचे लक्ष राहते. त्या न्यायाने पलंगाची आधीची दिशा योगायोगाने बरोबरच होती. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टशी बोलणे झाले, आणि दिवसा मामा असताना उजव्या बाजूने व्यायाम व गप्पा चालू ठेवायच्या या अटीवर पलंग डोक्याकडून पायाकडे फिरवायचे ठरले. पंपासाठी एक्स्टेन्शन बोर्ड आला. वायर भिंतीला क्लिपने बसवली, कारण रात्री तिच्यात पाय अडकणे कोणालाच परवडणारे नव्हते.

भिंत थांबली. मुलगी आठवड्यातून काही दिवस साडेनऊला घरी येऊ लागली. आजोबांच्या चांगल्या हाताकडची खुर्ची आता रिकामी असल्यामुळे, जेवताना ती कधीकधी तिथे बसे. एखाद्या लेखात इथे यशाचा शेवट करता आला असता.

पण चांगला हात आता घराकडे आला होता, आणि रात्री आठनंतर त्या बाजूने सर्वांत जास्त जा-ये करणारी व्यक्ती आई होती. आजोबा जाता-येता तिची ओढणी धरू लागले. कधी पाणी हवे असे, कधी कूस बदलायची असे, कधी काय हवे ते कळतच नसे. एका रात्री ती ओरडली, "बाबा, मला हात लावू नका!" आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. पुढच्या बैठकीत ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आधी ते भिंत वाजवायचे, आता मला वाजवतात."

नवभौतिकवादाची कसोटी मला इथे दिसते, पलंग फिरवण्यात नव्हे. कर्तेपण माणसांत, वस्तूंत आणि जागांत वाटलेले असते, असे म्हणणे सोपे आहे. ते म्हणून झाल्यावर कोणालाच जाब विचारता येत नाही, ही त्यातली अडचण आहे. कुटुंबोपचाराला हा धोका नवा नाही. वर्तुळाकार कार्यकारणभावाच्या भाषेत, म्हणजे एकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याचे कारणही आणि परिणामही असे मानणाऱ्या भाषेत, पतीची सत्ता आणि पत्नीची अडचण ही एकाच वर्तुळाची दोन सारखीच टोके होऊन बसतात, अशी टीका स्त्रीवादी कुटुंबोपचारक रेचेल हेअर-मस्टिन यांनी 1978 मध्ये आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांनी 1985 मध्ये केली होती. नवभौतिकवादाबाबत स्त्रीवादी अभ्यासक सारा अहमद यांनी 2008 मध्ये आक्षेप घेतला तो वेगळा असला तरी त्याच कुळातला: स्त्रीवाद्यांनी शरीर आणि भौतिक जग यांचा विचार केलाच नव्हता असे भासवून हा प्रवाह आपले नवेपण उभे करतो. चादरी कोण धुते हा प्रश्न बायकांनी फार पूर्वीपासून विचारलेला आहे. पलंग, पंप, वायर यांचे वर्णन कितीही बारकाईने केले, तरी या घरात ओढणी धरली जाते ती आईची, हे त्या वर्णनाने आपोआप कळत नाही.

बराड यांच्याच विचारात याचे उत्तर काही अंशी आहे, आणि म्हणून मी तो सोडून देत नाही. छेद कुठे द्यायचा याची जबाबदारी छेद देणाऱ्या रचनेवर असते, आणि त्या रचनेत थेरपिस्टही आला. मुलीला घंटेच्या कामातून मोकळे करणारा छेद आम्ही सर्वांनी मिळून दिला, आणि त्या छेदाने आईला घंटेच्या जागी आणून ठेवले. ते ओळखून पुढचे काम त्यावर करणे भाग होते. "आजोबांना घरात कोणी समजून घ्यावे?" हा प्रश्न मी विचारला नाही. विचारले ते असे: रात्री आठ ते सकाळी आठ आजोबांचा हात जिथवर पोहोचतो तिथे कोणी असावे, आणि ते कोणी ठरवावे?

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी शिफ्टला असतो, मी काय करणार?" त्यावर आईच्या आधी मुलगी बोलली: "सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी असता, बाबा. तेव्हाही आईच उठते." पहिल्या गृहीतकातला तो न बोललेला ताण इथे पहिल्यांदा उघड्यावर आला, आणि तोही मुलीच्या उशिरा येण्याची मध्यस्थी न घेता. मिलानचे गृहीतक खोटे नव्हते असे मी वर म्हटले ते यासाठीच. त्याला हातपाय मात्र पलंगाने दिले.

बिनतारी बेल घ्यायचे ठरले, दारावर लावतात तशी साधी. तिचे बटण आजोबांच्या डाव्या हाताशी कठड्याला बांधायचे, हे ठरायला वेळ लागला नाही. वाजणारा भाग कोणत्या प्लगला लावायचा यावर मात्र जवळजवळ अख्खी बैठक गेली, आणि या प्रकरणातली सर्वांत कामाची बैठक ती होती. स्वयंपाकघरात लावला तर पुन्हा आईच उठणार. मुलीच्या खोलीत लावायचा नाही, यावर तिघांचे एकमत झाले. शेवटी तो आईवडिलांच्या खोलीत, वडिलांच्या उशाकडच्या प्लगला लागला. रात्री बारानंतर आणि सुट्टीच्या दिवशी उठायचे वडिलांनी, डायपर बदलायलाही, असे ठरले. ब्यूरोच्या मामांनी एका रविवारी त्यांना ते शिकवले. आजोबांनी बेल शिकायला काही दिवस घेतले, आणि अजूनही हाताशी ओढणी आली तर ते बेलऐवजी तीच धरतात.

गुरुवारसाठी चादरींचा एक जादा जोड आणि झाकणाची बादली आली. तरी भांडणे पूर्ण थांबलेली नाहीत, कारण ती फक्त पाण्याची नव्हतीच. रात्रीच्या मामांचा खर्च आत्याने उचलावा का, हे फोनवर बोलून झाले आहे, तिचे उत्तर आलेले नाही. आठ ते बारा हे चार तास मात्र तसेच आहेत. वडील चाकणला असतात, बंद खोलीत वाजणारी बेल स्वयंपाकघरात ऐकू जात नाही, म्हणून त्या वेळेपुरता तो भाग आई स्वतःच्या हाताने काढून ओट्याजवळच्या प्लगला लावते. जनरल शिफ्टसाठी वडिलांनी अर्ज केला आहे. पुढच्या बैठकीत तो अर्ज, आत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणे आणि हे चार तास एवढेच विषय घेण्याचे ठरले आहे. बैठक पलंगाभोवतीच होईल, कारण आजोबांना ऐकू येते.